मुळासकट उपटलेलं फूल: लुई मार्टिन यांच्या वडीलपणाचा एक अभ्यास

29 मे 1887, रविवार. पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण. फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातलं लिझ्यू हे छोटं शहर. दुपारची उपासना आटोपून लुई मार्टिन घराच्या बागेत विहिरीजवळ बसले होते. वय त्रेसष्ट. पत्नीला जाऊन दहा वर्षं होत आली होती. बरोबर चार आठवड्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा पहिला झटका येऊन गेला होता. डावी बाजू काही तास लुळी पडली आणि मग सावरली. त्यांची धाकटी लेक, पुढे संत झालेली तेरेजा, हळूच शेजारी येऊन बसली. वय चौदा वर्षं पाच महिने, डोळे भरलेले. वडिलांनी तिचं डोकं छातीशी घेतलं आणि विचारलं, "काय झालं गं, माझ्या राणी? सांग मला." मग, आपलाही जीव हललाय हे तिला दिसू नये म्हणून ते उठले आणि तिला तसंच जवळ धरून सावकाश चालू लागले.

चालता चालता तिनं सांगून टाकलं: मला कार्मेल मठात जायचंय, आणि तेही येत्या नाताळापर्यंत.

कार्मेल म्हणजे बंदिस्त मठ. एकदा आत गेलेली मुलगी घरी येत नाही. आईबाप भेटायला गेले तर मध्ये लोखंडी जाळी. लुईंच्या दोन मुली आधीच त्या जाळीपलीकडे होत्या. पोलीन 1882 मध्ये गेली. थोरली मारी, जिच्यावर घर चालत होतं, ती ऑक्टोबर 1886 मध्ये, म्हणजे अवघ्या सात महिन्यांपूर्वी. आता तिसरी मागत होती, सगळ्यांत धाकटी, आजारी बापाची सगळ्यांत लाडकी.

आमच्या धर्मग्रामातल्या विवाहपूर्व शिबिरात मी हे प्रकरण इथपर्यंत सांगतो आणि थांबतो. समोरच्या मुलांना विचारतो, तुम्ही या बापाच्या जागी असता तर काय उत्तर दिलं असतं? बहुतेक जण एका दमात म्हणतात, "नाही म्हणालो असतो." मी त्यांना चूक ठरवत नाही. चौदा वर्षांच्या पोरीला "अजून लहान आहेस" म्हणणं हे बापाचं कामच आहे. लुईसुद्धा आधी तेच म्हणाले. पण नंतर त्यांनी जे केलं, ते समजायला त्यांच्या घरात थोडं मागं जावं लागतं.

लुई मार्टिन धंद्यानं घड्याळजी. तरुणपणी, 1845 च्या सुमारास, त्यांना स्वतःलाच मठवासी व्हायचं होतं. आल्प्स पर्वतातल्या सेंट बर्नार्डच्या मठाचं दार त्यांनी ठोठावलं, पण लॅटिन येत नाही म्हणून त्यांना परत पाठवलं. मग आलाँसों गावात त्यांनी घड्याळांचं दुकान टाकलं. रविवारी दुकान बंद म्हणजे बंद. जत्रेच्या दिवशी खेड्यापाड्यांतून गिऱ्हाईक आलं तरी दार उघडायचं नाही. 1858 मध्ये झेली गेरँ यांच्याशी लग्न झालं. झेलीबाईंचा लेस विणून घेण्याचा स्वतःचा धंदा होता आणि तो इतका चालला, की पुढे लुईंनी घड्याळांचं दुकान सोडून बायकोच्या हिशोबाची आणि गिऱ्हाइकांची बाजू सांभाळली. एकोणिसाव्या शतकातला नवरा बायकोच्या धंद्यात मदतनीस होतो, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

नऊ मुलं झाली. चार गेली. दोन मुलगे झाले, दोघांचीही नावं जोसेफ ठेवली, दोघंही वर्षभरातच गेले. हेलेन नावाची मुलगी पाच वर्षांची होऊन गेली. 28 ऑगस्ट 1877 ला झेलीबाई स्तनाच्या कर्करोगानं वारल्या. पाठीमागे पाच मुली, थोरली सतरा वर्षांची आणि धाकटी साडेचार. लुईंनी आपलं गाव, मित्र, मासे धरायची नदी, सगळं सोडलं आणि मुलींना मामा-मामीचा आधार मिळावा म्हणून लिझ्यूला बिऱ्हाड हलवलं.

तिथं त्यांचा तेरेजाबरोबरचा रोजचा क्रम ठरलेला असे. दुपारी धाकटीचा हात धरून फिरायला निघायचं, वाटेत कुठल्या तरी देवळात पवित्र साक्रामेंतासमोर, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेल्या भाकरीसमोर, थोडा वेळ बसायचं, येताना तिला पैशा-दोन पैशांची एखादी वस्तू घ्यायची. संध्याकाळी दोन्ही धाकट्या मुलींना मांडीवर घेऊन जुनी गाणी म्हणायची आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. तेरेजानं पुढे मठात बसून आपल्या आठवणी लिहिल्या. त्यांत ती म्हणते, की संत प्रार्थना कशी करतात हे कळायला मला पापांकडे, म्हणजे वडिलांकडे, नुसतं बघावं लागायचं. देवळात प्रवचन चालू असताना तिची नजर धर्मगुरूंपेक्षा वडिलांच्या चेहऱ्यावरच जास्त असे.

ख्रिस्ती श्रद्धेत देवाला "बाप" म्हणतात. "हे आमच्या स्वर्गातील बापा" ही आमची रोजची प्रार्थना. ज्या मुलाला बाप या शब्दानं धडकी भरते, त्याच्या ओठांवर ही प्रार्थना कशी बसेल? बायबलमध्ये, पौलानं इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात, बापांना एक सरळ आज्ञा आहे: मुलांना चिरडीस आणू नका. माझ्या मते या आज्ञेचं कारण तिथंच आहे. मुलाला देवाची पहिली ओळख बापाच्या आवाजातून होते. आवाज चिरका असेल तर पुढे कितीही धर्मशिक्षण दिलं तरी ते कानांवरून जातं.

आता कोणी म्हणेल, संतांच्या घरातल्या गोष्टी अशाच गोड असतात. म्हणून 1886 च्या नाताळची रात्र सांगतो. मला हा प्रसंग सगळ्या प्रकरणात मोलाचा वाटतो.

फ्रान्समध्ये पद्धत अशी, की लहान मुलं नाताळच्या रात्री शेकोटीच्या चुलाण्यापाशी आपले बूट ठेवतात आणि मोठी माणसं त्यात खाऊ-खेळणी भरतात. तेरेजा तेव्हा चौदाव्या वर्षात होती, पण धाकटी म्हणून तिचे लाड चालूच होते. आईच्या मृत्यूनंतर ती फार हळवी झाली होती. कुणी जरा बोललं की रडू, आणि मग आपण रडलो म्हणून पुन्हा रडू. त्या रात्री मध्यरात्रीच्या मिस्साहून सगळे घरी आले. लुई थकलेले होते. एरवी तिला बुटांतून एकेक वस्तू काढताना बघण्यात त्यांना कोण आनंद व्हायचा. पण त्या दिवशी ते बूट दिसताच त्यांच्या तोंडून वैतागून निघून गेलं, "बरंय, यंदाचं हे शेवटचंच वर्ष!"

तेरेजा टोपी ठेवायला जिना चढत होती. तिनं ते ऐकलं. तिच्याहून मोठी बहीण सेलिन मागेच होती, तिनं धाकटीच्या डोळ्यांत पाणी पाहिलं आणि म्हणाली, "आत्ता लगेच खाली जाऊ नकोस, तुला फार रडू येईल." तेरेजा तरीही डोळे आवरून खाली आली. बूट घेऊन वडिलांसमोर बसली आणि एकेक वस्तू हसत हसत काढू लागली. लुईंचा वैताग कुठच्या कुठे गेला, तेही हसू लागले. तेरेजा पुढे त्या रात्रीला आपलं संपूर्ण परिवर्तन म्हणते. साडेचार वर्षांची असताना हरवलेलं मनाचं बळ आपल्याला त्या रात्री परत मिळालं, असं ती लिहिते.

बापानं काय केलं? काहीच नाही. तो दमला होता आणि चुकीचं बोलला. त्याला बहुधा कधी कळलंही नसेल, की ते लेकीच्या कानी पडलं. पण इतकी वर्षं त्यानं जे प्रेम साठवून ठेवलं होतं, ते त्या एका वाक्यापेक्षा जड होतं. म्हणूनच मुलगी तुटली नाही, उलट मोठी झाली. ज्या बापांना आपण ओरडलो, हात उगारला, वेळ दिला नाही याची टोचणी असते, त्यांना मी हीच रात्र सांगतो. शिल्लक असेल तर एखादा खर्च निभावतो. शिल्लकच नसेल तर मात्र तेवढंच एक वाक्य मुलाजवळ आयुष्यभर राहतं.

या घरात खरी चूकही झाली होती, ती झाकून ठेवणं बरोबर नाही. तिसरी मुलगी लिओनी. आजारी, अभ्यासात मागं, हट्टी. आलाँसोंला असताना घरातली मोलकरीण तिला धाकदपटशानं आपल्या मुठीत ठेवत होती, आणि हे वर्षानुवर्षं आई-बाप दोघांच्याही लक्षात आलं नाही. झेलीबाईंच्या शेवटच्या वर्षात मारीनं ते उघडकीला आणलं. एवढं देवभीरू, प्रेमळ घर. पण एक मूल त्याच छपराखाली धाकात जगत होतं. लिओनी पुढे मठात गेली, परत आली, पुन्हा गेली, पुन्हा परत आली. दर वेळी लुईंनी तिला घरात घेतलं, एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. लूकच्या शुभवर्तमानात घर सोडून गेलेला उधळ्या मुलगा परत येताना दिसताच बाप त्याच्याकडे धावत सुटतो, ते मला इथं आठवतं. पण आधी जे दिसायला हवं होतं ते दिसलं नाही, हेही तितकंच खरं.

तर, पुन्हा त्या बागेत.

लुई आधी म्हणाले, की तू अजून फार लहान आहेस. तेरेजानं आपलं म्हणणं मांडलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढे वाद घातला नाही. दोघंही रडत होते. मग चालता चालता ते एका ठेंगण्या भिंतीपाशी थांबले. भिंतीवर लहान लहान पांढरी फुलं उगवली होती. त्यांतलं एक त्यांनी काढलं आणि तिच्या हातात दिलं. देवानं किती जपून हे फूल जन्माला घातलं आणि आजवर सांभाळलं, ते ते तिला सांगत राहिले. तेरेजाला वाटलं, जणू पापा माझीच गोष्ट सांगताहेत. फूल हातात घेताना तिनं पाहिलं, की ते उपटताना सगळी मुळं जशीच्या तशी वर आली होती, एकही तुटलं नव्हतं. दुसऱ्या मातीत रुजायला तयार.

लुईंनी ते मुद्दाम तसं काढलं असेल असं मला वाटत नाही. पण या प्रकरणाचा गाभा मला त्या मुळांत दिसतो. मुलाला सोडणारे बाप पुष्कळ असतात. कोणी रागानं सोडतो, कोणी "तुझं तू बघ" म्हणून. काही जण सोडतात खरं, पण मुळं हातातच ठेवतात: "जा, पण माझ्या छातीवर दगड ठेवून चाललीस हे लक्षात ठेव." देठ जातो, मुळं मागं राहतात आणि मूल कुठंच रुजत नाही. ख्रिस्ती श्रद्धेत मूल ही ठेव आहे. ज्याची आहे त्यानं मागितली तर द्यायची. पण ठेव परत करतानाही ती धडधाकट परत करायची असते.

लुईंचा होकार नुसता तोंडचा नव्हता. मामा इसिदोर गेरँ यांनी आधी साफ नकार दिला. मठावर देखरेख करणाऱ्या धर्मगुरूंचं म्हणणं पडलं, की एकवीस वर्षांची होईपर्यंत थांबावं. तेव्हा लुई स्वतः तिला घेऊन बायो इथं बिशपांकडे गेले. तो दिवस 31 ऑक्टोबर. मोठी दिसावी म्हणून तेरेजानं पहिल्यांदाच केस वर बांधले होते. बिशपांना वाटलं होतं, की बाप मुलीला अडवायला आला असेल; इथं बापच तिच्या बाजूनं बोलत होता. तिथंही निकाल लागला नाही, म्हणून नोव्हेंबरात ते तिला यात्रेकरूंबरोबर रोमला घेऊन गेले. 20 नोव्हेंबरला ती पोप तेरावे लिओ यांच्या पायांशी बसली. देवाची इच्छा असेल तर तू जाशील, एवढंच ते म्हणाले. अर्धांगाचा झटका आलेला माणूस, सहा-सात महिन्यांत, पोर आपल्यापासून लांब जावी म्हणून रोमपर्यंत जातो. असा खर्च आणि अशी दगदग आपण एरवी मुलीच्या लग्नासाठी किंवा परदेशातल्या शिक्षणासाठी करतो.

9 एप्रिल 1888 ला मठाच्या दारात तेरेजानं सगळ्यांचा निरोप घेतला आणि वडिलांसमोर आशीर्वादासाठी गुडघे टेकले. लुई उभे राहिले नाहीत. तेही तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि रडत रडत त्यांनी तिला आशीर्वाद दिला.

इफिसकरांच्या त्याच पत्रात पौल म्हणतो, की ज्या पित्यावरून स्वर्गातल्या आणि पृथ्वीवरच्या प्रत्येक कुळाला नाव मिळतं, त्याच्यापुढे मी गुडघे टेकतो. लिझ्यूच्या मठाच्या दारात एका घड्याळजीनं तेच केलं. आशीर्वाद द्यायचा हक्क त्याचा होता, आणि तो कुणाच्या नावानं द्यायचा हेही त्याला ठाऊक होतं.

पुढचा भाग कठीण आहे. 15 जूनला सेलिननंही सांगितलं, की आपल्यालाही मठात जायचंय. लुई म्हणाले, चल, दोघं देवळात जाऊ आणि आभार मानू. याहून चांगलं काही माझ्यापाशी असतं तर तेही मी देवाला दिलं असतं, असंही ते म्हणाले. त्यानंतर आठवडा उलटतो न उलटतो तोच, 23 जूनला ते घरातून नाहीसे झाले. चार दिवसांनी सेलिन आणि मामांना ते ल हाव्र बंदरात, पोस्टाच्या कचेरीपाशी सापडले. एकांतवासात जायचं त्यांच्या मनात होतं. मेंदूचा आजार बळावत चालला होता. विसर पडायचा, भास व्हायचे. 10 जानेवारी 1889 ला ते सावरले, पांढऱ्या मखमली पोशाखातल्या तेरेजाला हाताला धरून वस्त्रग्रहणाच्या, म्हणजे मठाचा वेश घेण्याच्या, विधीसाठी देवळात घेऊन गेले. लेकीसाठी बाप म्हणून त्यांनी जाहीरपणे केलेलं ते शेवटचं काम. महिन्याभरानं भासांच्या भरात, घरच्यांचं रक्षण करायचं म्हणून, त्यांनी पिस्तूल हाती घेतलं. 12 फेब्रुवारीला त्यांना काँ शहरातल्या मनोरुग्णालयात हलवावं लागलं. तिथं ते तीन वर्षं तीन महिने होते.

गावात बोललं जायचं, की मुली एकामागून एक निघून गेल्या म्हणून म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. त्यात धाकटीनं तर कहरच केला. हे जाळीपलीकडे तेरेजाच्या कानांपर्यंत पोचत होतं. सोळा वर्षांची मुलगी. जिनं देवाचा चेहरा वडिलांच्या चेहऱ्यात पाहिला, तिच्यासाठी तोच चेहरा आता वेड्यांच्या इस्पितळात होता. लहानपणी, सहा-सात वर्षांची असताना, तिनं भर दुपारी खिडकीतून बागेत एक माणूस पाहिला होता. चण पापांसारखी, कपडे पापांसारखे, पण वाकून चालणारा आणि डोकं जाड कापडानं झाकलेला. वडील तेव्हा गावाला गेलेले. ती घाबरून "पापा! पापा!" ओरडली होती, आणि झाडापलीकडे कुणीच सापडलं नव्हतं. आजारपणात लुई खरोखर रुमालानं डोकं झाकून घ्यायचे, तेव्हा त्या दिवसाचा अर्थ तिला लागला. क्रूसावर जाण्यापूर्वी ख्रिस्ताचा चेहरा झाकला गेला, त्याच्याशी तिनं ते जोडलं. मठातलं आपलं नाव ती "बाळ येशूची आणि पवित्र मुखाची तेरेजा" असं लिहू लागली.

रुग्णालयात शुद्ध असताना लुई डॉक्टरांना म्हणाले होते, की मला आजवर हुकूम द्यायची सवय होती, इथं ऐकावं लागतं. आयुष्यात माझा कधी अपमान झाला नव्हता, एक हवा होता. हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवतो. माझे वडील शेवटची दीड वर्षं मला ओळखत नव्हते. आयुष्यभर केळीची वाडी केलेला माणूस, मी पेज भरवताना विचारायचे, "तू कोणाचा रे?" आमच्याकडे संध्याकाळी जपमाळ संपली, की मुलांनी मोठ्यांचा आशीर्वाद घ्यायची पद्धत आहे. माझं नाव गेलं, घर गेलं, आईसुद्धा त्यांच्या आठवणीतून गेली. पण जपमाळ संपून मी वाकलो, की तो थरथरता हात वर यायचा. कोणाला आशीर्वाद देतोय हे त्यांना कळत नव्हतं. मला कळत होतं, तेवढं पुरे होतं. वडील झालेला माणूस दुबळा झाला, की त्याचं वडीलपण संपतं असं मी पूर्वी धरून चालायचो. आता तसं वाटत नाही.

10 मे 1892 ला लुईंना लिझ्यूला परत आणलं. पाय गेले होते, आता ते कुठं पळून जाण्याची भीती नव्हती. दोन दिवसांनी त्यांना मठाच्या भेटीच्या खोलीत नेलं. जाळीच्या पलीकडे मारी, पोलीन, तेरेजा. बोलणं जवळजवळ थांबलेलं. निघताना मुलींनी "पुन्हा भेटू" म्हटलं, तेव्हा त्यांनी बोट वर केलं, बराच वेळ तसंच धरून ठेवलं आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना कसंबसं म्हणाले, "स्वर्गात." जाळीतल्या तिघींची ती त्यांच्याशी शेवटची भेट. सेलिननं त्यांची पुढची दोन वर्षं हातांनी काढली. त्यांना भरवलं, पुसलं, निजवलं. 29 जुलै 1894 ला ते गेले. त्यानंतर दीड महिन्यात सेलिन मठात दाखल झाली, आणि लिओनी, जिच्यावर कोणी भरवसा ठेवत नव्हतं, 1899 मध्ये काँ इथल्या मठात गेली ती कायमची राहिली.

18 ऑक्टोबर 2015 ला पोप फ्रान्सिस यांनी लुई आणि झेली यांना एकत्र संत घोषित केलं. तेरेजा तर 1925 पासूनच संत आहे. आमच्या वसई-मुंबईच्या देवळांत क्रूस आणि गुलाब हातात धरलेली तिची मूर्ती दिसते.

ते पांढरं फूल तिनं आपल्या नित्य वाचनाच्या पुस्तकात ठेवलं होतं. नंतर ते पवित्र मरियेच्या एका चित्रावर चिकटवलं. वडील गेल्यानंतर काही महिन्यांनी, 1895 मध्ये, ती आठवणी लिहायला बसली, तेव्हा ते अजून तिच्याजवळ होतं. तिनं लिहून ठेवलंय, की देठ आता मुळांच्या अगदी जवळून तुटला आहे.